कलम सातवं आणि तोतया दार

मामांचा हुकूम आहे की ही हकीकत त्यांच्या ओळखीने सुरू झाली पाहिजे आणि ती ओळख त्यांच्याच शब्दांत असली पाहिजे. ते शब्द असे:

"ज्याची नजर भिंतीपलीकडचं पाहते, ज्याचे कान न बोललेलं ऐकतात, ज्याच्या नुसत्या खाकरण्याने गुन्हेगारांची झोप उडते, असा शहरातला एकमेव, स्वयंभू आणि निष्णात गुप्तहेर."

यातलं खाकरणं खरं आहे. गुन्हेगारांचं मला माहीत नाही, पण मामींची झोप त्याने रोज उडते. नजरेचं म्हणाल तर मामांचा चष्मा बहुतेक वेळा त्यांच्याच कपाळावर असतो आणि तो सापडत नाही म्हणून घरातल्या सगळ्यांची झडती होते. न बोललेलं ते ऐकतात, हे मात्र मी शपथेवर सांगेन. बोललेलं ऐकत नाहीत, एवढीच अडचण आहे.

मामा पूर्वी विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचे. लोकांच्या जिन्याखाली वाकून बघण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाले तरी वाकून बघायची सवय सुटेना, म्हणून गुप्तहेर झाले. आमचं ऑफिस एकच खोली आहे आणि मध्ये कपाट आहे. कपाटाच्या अलीकडे मी बसते, नवीकोरी वकील. पलीकडे मामा. बाहेरच्या पाटीवर 'वकील' हा शब्द मुंगीएवढा आहे आणि 'गुप्तहेर' हा शब्द बसस्टॉपवरून वाचता येतो.

"मामा, गुप्त असतो ना तो?" मी एकदा विचारलं होतं.

"हेर गुप्त असतो. पाटी कशाला गुप्त हवी?" मामा म्हणाले.

तर एका सकाळी समोरच्या इमारतीचे मालक धापा टाकत जिना चढून आले आणि खुर्चीत कोसळले.

"माझं दार गेलं," ते म्हणाले.

"कुठे?" मामांनी विचारलं.

"ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मामांनी माझ्याकडे वळून बघितलं. "टिपून ठेव. तक्रारदार तर्कशुद्ध बोलतो."

मालक आणि मालकीणबाई लेकीकडे राहायला गेले होते. परत येऊन बघतात तर तळमजल्यावरच्या दुकानाचं मागचं दार गायब. हे दुकान त्यांनी बेकरीवाल्या काकूंना भाड्याने दिलंय. मागचं दार जिन्याखाली उघडतं आणि त्याच जिन्याने मालक वर आपल्या घरी जातात. ते दार त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी केलेलं होतं. वडील गणिताचे मास्तर होते, सुतार नव्हते. सगळी मापं त्यांनी कागदावर अचूक काढली होती आणि दार वाकडं झालं होतं.

"बंद करायचं तर आधी उचलायचं, मग खांद्याने रेटायचं आणि त्याच्याशी थोडं गोड बोलायचं," मालक म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला. "बाबांनी आयुष्यात तेवढं एकच दार केलं हो. आता त्या जागी कुणीतरी पांढरं गुळगुळीत फळकूट बसवलंय. एका बोटाने बंद होतं!"

एका बोटाने बंद होणाऱ्या दाराबद्दल इतका तिरस्कार मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांचं वाईट वाटलं.

मामा मात्र उठून उभे राहिले होते. "म्हणजे खरं दार पळवलं आणि जागेवर तोतया दार उभं केलं. वा! गुन्हेगार कसलेला आहे."

"गुन्हेगार कसला, ती बेकरीवाली आहे," मालक म्हणाले. "आल्या आल्या मी जिन्यातून ओरडून विचारलं, दाराचं काय केलंत? तर खालून म्हणते, 'लावलं की!' दार गायब करायचं आणि वर सांगायचं लावलं! त्या क्षणापासून मी बोलणं बंद केलंय. आता बोलेल ती नोटीस."

मग त्यांनी खिशातून करार काढला. तो त्यांनी स्वतः लिहिलेला होता. वकिलाकडे गेलं की वकील साध्या गोष्टीचा घोळ घालतात, असं त्यांनी मला माझ्याच ऑफिसात बसून समजावून सांगितलं. "स्वच्छ मराठी. शेंबड्या पोरालाही कळेल."

मी कलम सातवं वाचलं. 'मागील दार नीट लावून घेणे ही भाडेकरूची जबाबदारी राहील.' आणि शेवटचं कलम वाचलं. कोणतीही अट मोडली तर नोटीस द्यायची आणि महिन्यात जागा रिकामी करून घ्यायची. मराठी खरोखरच स्वच्छ होती. मला काहीही खटकलं नाही.

"आधी एकदा समोरासमोर बसून बोलून बघू या का?" मी म्हटलं.

"नोटीस," मालक म्हणाले.

माझ्या वकिलीतली ती पहिली नोटीस. ती टाइप करताना मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. काकूंची भट्टी त्या दुकानाच्या भिंतीत बांधलेली आहे. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. जागा गेली की भट्टी गेली आणि भट्टी गेली की काकूंची बेकरी संपली. शिवाय मी रोज सकाळी त्यांच्याकडचाच पाव खाते. त्या दिवशी नोटीस पाठवून आले आणि पाव न खाताच कामाला बसले. वकिलालाही एवढी लाज असते.

मामांना लाज वगैरेसाठी वेळ नव्हता. ते भिंग घेऊन जिन्याखाली पोहोचले होते.

"सरळ जाऊन काकूंना विचारू या ना," मी म्हटलं.

"गुप्तहेर कधी सरळ विचारत नाही. सरळ विचारलं तर उत्तर मिळतं. मग अक्कल कुठे वापरायची?"

त्यांनी तोतया दाराला वरपासून खालपर्यंत भिंग लावलं, कान लावला आणि शेवटी नाकही लावलं. मग उंबऱ्याशी वाकले आणि एकदम ताठ झाले.

"पांढरी पूड!"

"मामा, ही बेकरी आहे."

"स्फोटक असू शकतं." असं म्हणून त्यांनी ती पूड बोटावर घेतली आणि जिभेला लावली. स्फोटक आहे की नाही हे ठरवायची ही पद्धत कुणीही घरी करून बघू नये. मामांनी डोळे मिटले. "गोड आहे," ते म्हणाले, आणि पुराव्याची आणखी एकदा तपासणी केली. मग आणखी एकदा.

जिन्याखाली पहिला सिद्धांत जन्माला आला. जुन्या दारांची चोरटी निर्यात करणारी एक टोळी शहरात आली असून ती एकेक दार पिठात लपवून पाठवते. दार पिठात कसं लपवतात, असं मी विचारलं. "उभं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेश पालटून बेकरीत गेलो. वेश पालटून म्हणजे मामांनी मिशी लावली. मी होते तशीच होते, कारण माझ्याकडे बघून कुणी घाबरत नाही, असं त्यांचं मत आहे.

काकूंनी दुकानात बसून खाणाऱ्यांसाठी एक भलंमोठं टेबल मांडलं होतं, वर फुलाफुलांचा जाड टेबलक्लॉथ. आम्ही बसलो. बसताक्षणी मामा "आई गं" म्हणून कळवळले. टेबलाच्या खालून काहीतरी लोंबत होतं आणि ते त्यांच्या गुडघ्याला लागलं होतं.

"जपून हं," काकू म्हणाल्या. "नेहमीचं देऊ का? आणि आज मिशी कशाला लावलीत?"

"मी तो नव्हे," मामा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"बरं. पण त्यांचं नेहमीचंच देते."

काकू नेहमीसारख्या हसल्या, पण डोळे सुजलेले होते. केक ठेवताना त्या माझ्याजवळ थांबल्या. "तुझ्या सहीची नोटीस आली गं. माझं काय चुकलं ते तरी सांग. कराराबरहुकूम सगळं केलं मी. अट पाळली, तर म्हणतात मोडली."

मी केकचा तुकडा परत बशीत ठेवला. समोरच्या पक्षाशी वकिलाने तोंडी वाद घालायचा नसतो, असं मला शिकवलं होतं आणि ते मी नुकतंच शिकले असल्यामुळे फार कडकपणे पाळत होते. "काकू, तुमचं म्हणणं लेखी कळवा," मी म्हटलं. एखाद्या माणसाच्या तोंडावर खिडकी बंद करावी, तसं मला ते बोलताना वाटलं. काकू भट्टीकडे गेल्या.

"बघितलंस?" मामा मिशीतून कुजबुजले. तिच्यावर केकचं क्रीम चिकटलं होतं. "बाई अस्वस्थ आहे."

"बेकरी जाणार आहे त्यांची. अस्वस्थ नाही होणार?"

"की दार पचत नाहीये?" मामा टेबलावर कोपर टेकून विचारात बुडाले. टेबल थोडं डुगडुगत होतं. त्यांनी भिंग काढून केकची दिशा, उजेडाची दिशा आणि भट्टीची दिशा यांचा एक नकाशा टेबलक्लॉथवर बोटाने काढला. "दुसरा सिद्धांत. दार पोकळ होतं. मास्तरांनी आत काहीतरी दडवलं होतं. दार फोडून ऐवज काढला आणि लाकूड भट्टीत. गुन्ह्याची राख झाली! आपण या क्षणी त्या दारावर भाजलेला केक खातोय."

"भट्टी विजेवर चालते, मामा."

मामांनी आयुष्यभर मीटर वाचले होते. त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुझी परीक्षा घेत होतो." उठताना पुन्हा गुडघा आपटला.

काकूंचं लेखी उत्तर दोन ओळींचं होतं. 'कलम सातप्रमाणे दार नीट लावून घेतलेले आहे. मालकांनी एका बोटाने ढकलून खात्री करून घ्यावी.'

ते वाचून मालक इतके लाल झाले की मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "बाबांचं दार नाहीसं करते आणि वर मलाच ढकलायला सांगते! काढा, बाहेर काढा तिला!" पण पाणी प्यायल्यावर ते खिडकीतून समोरच्या बेकरीकडे बघत बसले. "पाव मात्र चांगला करते हो बाई," ते पुटपुटले. "म्हणजे, करत असे. आता वासही येत नाही वर."

ते मी नीट ऐकलं नाही. मामांनीही नाही, कारण ते बोललेलं होतं.

तिसरा सिद्धांत मालकीणबाईंच्या घरी चहा पिताना झाला. मामांनी सहज विचारल्यासारखं केलं, "दाराचं फार दुःख झालं असेल नाही?"

"मला? छे! बरं झालं गेलं ते. जुनी ब्याद," मालकीणबाई म्हणाल्या.

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. जिना उतरताना त्यांनी मला मध्येच थांबवलं. "हेतू सापडला! सासऱ्यांचं दार, सुनेचा राग. घराघरातली गोष्ट."

मी परत वर जाऊन मालकीणबाईंना सरळ विचारलं. मामा जिन्यात कानांवर हात ठेवून उभे राहिले, कारण सरळ मिळालेलं उत्तर त्यांना चालत नाही. बाई म्हणाल्या, "अगं, यांना साखरेचा त्रास आहे. त्या वाकड्या दाराच्या फटीतून सकाळी केकचा वास वर यायचा आणि हे चोरून खाली जायचे. जिन्याखाली नाक लावून उभे. मीच मागे लागले होते, करारात दाराचं काहीतरी घाला म्हणून. आता नवीन दारातून कसला वास येत नाही आणि हे घरात बसतात."

"सांगितलं का तिने काही?" मामांनी कान मोकळे करून विचारलं.

"त्या निर्दोष आहेत."

"ते तर मी आधीच ताडलं होतं."

चौथा संशयित त्यांना रस्त्यात सापडला. एक मिस्त्री हातात फूटपट्टी आणि खांद्याला पिशवी अडकवून कोपऱ्यावरच्या एका दुकानाचं दार मोजत होता.

"दिवसाढवळ्या दारं मोजतो हा माणूस!" मामा म्हणाले.

"मामा, तो सुतार आहे."

"सोंग किती चपखल आहे बघ." आणि ते त्याच्या मागे लागले. चार गल्ल्या ओलांडल्यावर मिस्त्री वळला आणि म्हणाला, "साहेब, काही करून हवंय का?"

"नाही, नाही. मी जरा या झाडाच्या सावलीत उभा आहे."

"हा विजेचा खांब आहे."

"ते मला चांगलं माहीत आहे," मामा दुखावल्या आवाजात म्हणाले. हे मात्र खरं होतं.

एवढ्या पुराव्यावर मामांनी निकाल द्यायचं ठरवलं. नोटिशीची मुदत संपत आली होती. काकूंनी नवीन ऑर्डरी घेणं थांबवलं होतं आणि काचेच्या कपाटातले अर्धे कप्पे रिकामे होते. मला ते कप्पे बघवत नव्हते. मी मनाशी ठरवलं होतं की मामांचं भाषण संपलं की वकिलीचा नियम गेला खड्ड्यात, मी काकूंशी तोंडी बोलणार.

संध्याकाळी सगळे बेकरीत जमले. टेबलाच्या एका टोकाला मालक आणि मालकीणबाई, दुसऱ्या टोकाला काकू. मालक काकूंकडे बघत नव्हते आणि काकू मालकांकडे. मधे मिस्त्री पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याला वाटत होतं की काहीतरी काम मिळणार आहे. दुकानाचं पुढचं दार सताड उघडं होतं आणि वारा सुटला होता.

मामा आज पुन्हा मिशी लावून आले होते. ते खाकरले. "सभ्य स्त्री-पुरुषहो, या प्रकरणाचा मी छडा लावला आहे." ते टेबलाशी आले, दोन्ही हात टेकवले, टेबल डुगडुगलं. "गुन्हेगार याच खोलीत आहे. आणि दार," इथे ते थांबले, "दार देशाबाहेर आहे!"

मालकांनी डोळ्यांना रुमाल लावला. काकू "काय?" म्हणाल्या. मिस्त्रीने पिशवीतून फूटपट्टी काढली आणि परत ठेवली.

"या माणसाकडे बघा. हा दारं मोजतो. का मोजतो? कारण चोरलेलं दार पेटीत बसलं पाहिजे! ही बाई त्याला पीठ पुरवते..."

तेवढ्यात मामी आत आल्या. मामा घराच्या दोन्ही किल्ल्या घेऊन गुन्हेगार पकडायला आले होते आणि मामी बाजारातून आल्यापासून कुलपाबाहेर उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. त्यांच्यामागून वारा आला, कागदी पिशव्या उडाल्या, मामांची अर्धी मिशी निघाली.

"किल्ली द्या," मामी म्हणाल्या. "आणि आधी कुणीतरी ते दार लावा."

मग एकाच वेळी तीन गोष्टी झाल्या. मालक उठले आणि दार ढकलायला निघाले. मिस्त्री उठला, पिशवीतून बिजागऱ्या काढल्या आणि म्हणाला, "माप घ्यावं लागेल." आणि काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता पुढचंही?"

मामी मिस्त्रीकडे बघत राहिल्या. "माप कशाला? ढकला ते."

"नुसतं ढकलून कसं लागेल, बाई? चौकटीला बिजागऱ्या ठोकायला नकोत? मागचं लावलं तेव्हा अख्खा दिवस गेला."

"अहो, मी दार लावा म्हणाले," मामी म्हणाल्या. "दार लावा नाही म्हटलं!"

माझ्या डोक्यात घंटा वाजायला लागल्या. मी बॅगेतून करार काढला आणि कलम सातवं मोठ्याने वाचलं. 'मागील दार नीट लावून घेणे ही भाडेकरूची जबाबदारी राहील.' मग मी काकूंकडे वळले. "काकू, याचा अर्थ तुम्ही काय लावलात?"

"अर्थ काय लावायचा त्यात? दार नीट लावून घ्यायचं. मी मिस्त्रींना बोलावलं आणि नीट लावून घेतलं. ते जुनं किती वाकडं होतं! मला वाटलं, मालकांना स्वतःला सांगायला संकोच वाटत असेल, म्हणून करारात घातलं. सगळा खर्च मी केला, चांगल्यातलं चांगलं दार बसवलं, आणि वर नोटीस!" आता त्यांचा आवाज फुटला. "मी काय वाईट केलं होतं हो तुमचं?"

मालक दाराशीच उभे होते. पुढच्या दाराची कडी त्यांच्या हातात होती. "लावून घेणे म्हणजे... बंद करणे," ते अगदी हळू म्हणाले. "रोज. संध्याकाळी. जरा उचलून, रेटून."

"मग बंद करणे लिहायचं होतं!"

"स्वच्छ मराठीत लिहिलं होतं मी!"

इथे मला माझी पदवी आठवली आणि मी खुर्चीवर उभी राहिले. उंची कमी असल्यामुळे ते करावं लागतं. मी दोघांनाही सुनावलं. करार म्हणजे नुसत्या दोन सह्या नव्हेत. दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने हो म्हणायला हवं. इथे एकाने दार बंद करायला हो म्हटलं आणि दुसरीने दार बसवायला. तेव्हा सातव्या कलमावर कुणाचं एकमतच झालेलं नाही. जे नीट ठरलंच नाही, ते मोडलं म्हणून कुणाला हाकलता येत नाही. "आणि मालक, शब्द तुमचे आहेत. शब्दाला दोन अर्थ निघाले तर साधारणपणे लिहिणाऱ्याच्या विरुद्ध अर्थ धरतात. काकू, तुमचंही चुकलं. दुसऱ्याच्या जागेत काहीही काढण्याआधी किंवा बसवण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यायची असते. ते कर्तव्य आहे तुमचं. कराराचा अर्थ लावायच्या आधी 'लावणे'चा अर्थ लावायला हवा होता. तुम्ही, तुम्ही आणि मी!"

"आणि मी," मामा म्हणाले. "म्हणजे मी लावला होता. मनात."

मालक सावकाश येऊन खुर्चीत बसले. राग गेला होता. म्हातारे दिसत होते. "ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "नोटीस मागे घेतो. पण बाबांचं दार? टाकून दिलंत?"

"टाकून देईन? एवढं चांगलं लाकूड?" काकू म्हणाल्या. "त्यावरच तर हात टेकून बसलायत तुम्ही."

त्यांनी टेबलक्लॉथ सरकवला. खाली जाड, काळसर, एका बाजूला किंचित कललेलं लाकूड होतं. काठाच्या खालच्या अंगाला जुनी लोखंडी कडी लोंबत होती. मामांनी आपला गुडघा चोळला.

मालकांनी लाकडावरून हात फिरवला. एका कोपऱ्यात त्यांचं बोट थांबलं. तिथे पटाशी चुकल्याचा एक खोल व्रण होता. "इथे बाबांच्या हातून पटाशी सटकली होती," ते म्हणाले. "मी शेजारी उभा होतो. बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस." आणि ते रडायला लागले, मग हसायला लागले, आणि मालकीणबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले आणि ते मी लपवलं नाही.

"वाकडं आहे ना, म्हणून टेबल डुगडुगतं," मिस्त्री म्हणाला. "एक पाय लहान करायला हवा."

"नको, मी खाली कागद घडी करून घातलाय," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून बरंच कमी झालंय."

मी वाकून बघितलं. पायाखाली माझी नोटीस होती. वकिलीतली पहिली नोटीस वाया गेली नाही, याचं मला समाधान वाटलं.

नवा करार मी केला. 'लावणे' हे क्रियापद त्यात कुठेही नाही. त्यासाठी मला 'दिवा लावणे' आणि 'पाटी लावणे' हेही गाळावं लागलं. टेबल काकूंकडेच राहणार, पण मालकी मालकांची. कलम सातवं असं आहे: 'मागील दार संध्याकाळी बंद करावे. सकाळी पाव भाजताना ते थोडे उघडे राहिल्यास मालकांची हरकत नाही.' दुसरं वाक्य मालकांनी सुचवलं. 'थोडे' हा शब्द मालकीणबाईंनी घालायला लावला.

मामांनी हे प्रकरण आपल्या यशस्वी प्रकरणांत घातलं आहे. परवा सकाळी आम्ही दोघं बेकरीत गेलो. काचेच्या कपाटातले कप्पे भरलेले होते. मागचं दार बोटभर उघडं होतं. मालक टेबलाशी बिनसाखरेचा चहा घेऊन बसले होते आणि नाकाने केक खात होते. काकू भट्टीपाशी गुणगुणत होत्या. मामांनी खुर्ची ओढली, बसले, आणि कळवळून गुडघा धरला.

"काय आहे हे खाली?"

"दार आहे, मामा."

"ते मला सांगतेस?" मामा म्हणाले. "शोध कुणी लावला?"